युरोपच्या वित्तीय करारासाठी आयर्लंडला सार्वमत घेणं खरंच गरजेचं होतं का?

माझ्या मते हो. सरकारी तूट आणि कर्जावर मर्यादा घालणाऱ्या २०१२ च्या या करारावर युरोपीय संघातल्या २५ देशांनी सह्या केल्या, पण सार्वमत घेतलं एकट्या आयर्लंडने. बाकीच्यांनी संसदेतच मंजुरी दिली.

कारण १९८७ चा क्रॉटी खटला. सरकारला राज्याचे सार्वभौम अधिकार परस्पर बांधून टाकता येत नाहीत, त्यासाठी घटनादुरुस्ती, म्हणजेच जनतेचा कौल लागतो, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं. शिवाय हा करार युरोपीय संघाच्या मूळ करारांबाहेरचा होता. म्हणून महाधिवक्त्यांनीही सार्वमताचाच सल्ला दिला. ३१ मे २०१२ ला ६०.३ टक्के लोकांनी होकार दिला.

मात्र करार नाकारला तर युरोपच्या नव्या बचाव निधीतून पैसे मिळणार नव्हते. कर्जात बुडालेल्या देशाला असा प्रश्न विचारणं मला अन्यायाचं वाटतं.