छोट्या लेथवर पूलचा क्यू

प्रश्न : माझ्या छोट्या लेथच्या (कातकामाच्या यंत्राच्या) स्पिंडलचं, म्हणजे फिरत्या पोकळ दांड्याचं, भोक २० मिमी आहे. त्यावर पूलचा क्यू, म्हणजे पूल खेळायची काठी, होईल का? – एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : होईल, पण बुडाचा भाग, म्हणजे बट, साधारण ३२ मिमी जाड, तो भोकातून जाणार नाही. तो बाहेरच स्टेडी रेस्टवर, म्हणजे फिरत्या कामाला बोटांनी आधार देणाऱ्या चौकटीवर, धरा. रेस्टची पितळी बोटं लाकडावर काळे वळ उठवतात. मी तिथे छोटे बेअरिंग बसवले. १३ मिमीचं टोक स्पिंडलमधून आत जातं. स्पिंडलच्या मागच्या तोंडाला नायलॉनची बुश (आत बसणारी कडी) ठोका, नाहीतर ते फडफडतं. घाई मात्र अजिबात नको! एका वेळी अर्धा मिमीच काढा, मग काठीचं मेपल लाकूड आठवडाभर उभं टांगून ठेवा. माझी पहिली काठी एका दुपारीच उतरवली होती. सकाळी ती धनुष्यासारखी वाकलेली.