रात्री अकराचा फरसाणाचा डबा

“मॅडम, दिवसभर मी अगदी ताब्यात असतो. रात्री अकरानंतर काय होतं, तेच कळत नाही.”

ठाण्यात नौपाड्यातल्या माझ्या आहारसल्ल्याच्या खोलीत हे वाक्य वेगवेगळ्या तोंडून येत राहतं. कुणाकडे लाडवांचा डबा असतो, कुणाकडे फ्रीजमधला उरलेला भात. पुढचा प्रश्न मात्र ठरलेला: “माझी इच्छाशक्तीच कमी आहे का?”

त्यांतल्या एकाची ही गोष्ट, ओळख पटणार नाही इतपत बदलून. वय एक्केचाळीस, घर वर्तकनगरला, नोकरी महापेला. तपासणीत एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली रक्तातली सरासरी साखर दाखवणारा आकडा, ५.९ आलं, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. वडिलांचा मधुमेह जवळून पाहिलेला, त्यामुळे हा माणूस घाबरला. नाश्ता बंद केला, दुपारी नुसती काकडी-टोमॅटो. रात्री मात्र सगळे झोपल्यावर अंधारात फरसाणाचा डबा. बायकोला कळू नये म्हणून झाकण हळूच लावायचे, हे सांगताना त्यांचा आवाज बसला.

पहिल्या दोन भेटी ते स्वतःला दोष देत राहिले. मी मध्ये पडले नाही. तिसऱ्या भेटीत विचारलं, “कधी घडत नाही?”

“रोजच घडतं.”

“आठवून बघा. घाई नाही.”

बराच वेळ गेला. मग म्हणाले, “रविवारी नाही होत बहुतेक.”

“रविवारी काय असतं?”

“काही नाही. एक वाजता सगळे जेवायला बसतो. वरण-भात, भाजी, कधी मासे.” ते थांबले. “मॅडम, रविवारी मी जेवतो!”

तो ‘जेवतो’ अजून माझ्या कानात आहे. चूक शोधण्यापेक्षा माणसाच्या आयुष्यात जे आधीच नीट चाललंय ते शोधावं, असं मी वर्षानुवर्षं मानत आले आहे. मी सांगितलं असतं तर त्यांनी मान डोलावली असती. उत्तर त्यांच्याच घरात, रविवारच्या ताटात सापडलं, म्हणून ते टिकलं.

शरीर उपासमारीचा हिशोब ठेवतं. १९४५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुण स्वयंसेवकांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं. त्या धडधाकट तरुणांना अन्नाशिवाय काही सुचेना. ते पाककृती वाचत बसायचे. पुढे पोटभर मिळू लागल्यावरही अनेकांची भूक भागेना. मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “म्हणजे मी हावरट नाही?” नाही. तुम्ही उपाशी होता.

मग आम्ही रविवार थोडा थोडा आठवड्यात नेला. सकाळी घरातून निघण्याआधी शेंगदाणे घातलेले पोहे किंवा मटकीची उसळ. एक वाजता डबा: भाकरी, डाळ किंवा उसळ, भाजी, कोशिंबीर. कोशिंबीर जेवणासोबत, जेवणाऐवजी नाही. ठाण्याची गाडी पकडण्याआधी मूठभर फुटाणे, कारण स्टेशनबाहेरचा वडापाव रिकाम्या पोटाला जास्त खुणावतो. वडापाव बंद केला नाही. शनिवारी मुलीबरोबर, उघडपणे. फरसाण खायचंच तर वाटीत काढून, दिवा लावून, बसून. लपून खाल्लेलं पोटापेक्षा मनाला जास्त जड होतं.

एक मात्र कळकळीने सांगते. खाल्लेलं मुद्दाम उलटून टाकणं होत असेल, तर डॉक्टरांकडे आधी जा. आणि साखरेची औषधं चालू असतील तर जेवणाच्या वेळा त्यांना विचारूनच बदला.

महिनाअखेरच्या गडबडीत एका दुपारी त्यांचा फोन आला.

“काल रात्री पुन्हा शेव खाल्ली.”

“दुपारी?”

“डबा चार वाजता उघडला होता.”

“आणि आज?”

“आज एकला उघडलाय. जेवतोच आहे मॅडम, ठेवतो.”