वाचकांचे प्रश्न : गिअर उलटे, ब्रेक जड

प्रश्न : जुन्या ड्रम-ब्रेकच्या मोटारसायकलीच्या चेसिसवर मी घरीच गाडी बांधत आहे. फूटरेस्ट 20 सेंटिमीटर पुढे घेतल्यापासून गिअर उलटे पडतात आणि मागचा ब्रेक जड लागतो. काय चुकले असावे?
– एक वाचक, वणी तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : गिअरचा दोष सोपा आहे. पेडलखालची छोटी भुजा खाली आणि गिअर शाफ्टवरची भुजा वर असेल, तर शाफ्ट उलट दिशेने फिरतो. दोन्ही भुजा एकाच बाजूला ठेवा आणि पेडल मधल्या स्थितीत असताना जोडदांडी दोन्हींशी काटकोनात राहील, इतकी तिची लांबी जुळवा.

ब्रेककडे मात्र अधिक गांभीर्याने पाहावे. खिळीपासून (म्हणजे पेडल जिच्याभोवती फिरते त्या पिनेपासून) पाऊल टेकते तिथपर्यंतचे अंतर 200 मिलिमीटर आणि ब्रेक ओढणाऱ्या दांडीपर्यंतचे 40 असेल, तर जोर पाचपट होतो; नव्या पेडलमध्ये हीच मापे 150 आणि 50 झाली, तर तो तिपटीवर येतो, म्हणजे तेवढ्याच दाबाला ओढ 40 टक्क्यांनी घटते. जुने पेडल मोजून तेच गुणोत्तर राखावे. खिळीवर पितळी बुश (झीज सोसणारी छोटी नळी) आणि ग्रीस भरण्याची निपल अवश्य बसवा, कारण आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात सांध्यात शिरून वाळली की पेडल परत वर येत नाही आणि ब्रेक घासत राहतो. हे मी स्वतः अनुभवले आहे. ब्रेकदिव्याचा स्विचही नव्या पेडलला जोडा.

मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 मध्ये वाहनातील फेरफारांवर निर्बंध आहेत, म्हणून गाडी रस्त्यावर आणण्यापूर्वी परिवहन कार्यालयात विचारणा करावी.