घड्याळ लावलेली पहिली टेस्ट देताना

नोकरीसाठीच्या ऑनलाइन टेस्टची लिंक आली म्हणून लगेच टेस्टला बसू नकोस. आधी सूचनांचं पान नीट वाच. चुकीच्या उत्तराला गुण कापतात का? मागच्या प्रश्नावर परत जाता येतं का? काही टेस्टमध्ये नाहीच येत, आणि ते मध्यावर कळलं की हातपाय गळतात. (माझे गळले होते.)

गणितात खरी मेख आकडेमोडीत नसते, पाया कोणता धरायचा यात असते. विक्री २४० वरून ३०० झाली, तर वाढ किती? फरक ६०, भागायचं २४० ने, म्हणजे २५ टक्के. घाईत ३०० ने भागलंस की २० येतात, आणि २० हा पर्याय बहुतेक वेळा समोर हजर असतोच!

उताऱ्याच्या प्रश्नांत दिलेलं विधान 'बरोबर', 'चूक' की 'सांगता येत नाही' हे उताऱ्यावरून ठरवायचं असतं. तिथे तुझं सामान्यज्ञान बाजूला ठेव. उतारा विधानाच्या विरुद्ध बोलत असेल तरच 'चूक'. त्याबद्दल काहीच म्हणत नसेल तर 'सांगता येत नाही'. इथे भलेभले घसरतात.

सराव मोबाइलवर लोळत नको. टेबलाशी बस, कच्चा कागद घे, टायमर लाव. एखाद्या प्रश्नावर दीड मिनिट गेलं की अंदाजाने खूण कर आणि सरळ पुढे जा. गुण कापत असतील, तर मात्र निदान दोन पर्याय बाद झाल्याशिवाय अंदाज नको.