नवरा म्हणतो, तुला नम्रता नाही

मेकोसाबागच्या ताई,

पत्र वाचून आधी तर रागच आला, खरं सांगते. मिस्टर दशांश, म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा, चर्चला देतात ते ठीक, पण त्यावर प्रत्येक कन्व्हेन्शनला अन् प्रत्येक पाहुण्या प्रचारकाला पाकीट, इकडे पोरीची फी थकलेली, तुम्ही नाईट ड्युट्या करून घर ओढून राहिल्या, अन् हिशोब विचारला की चर्चच्या मंडळीत चारचौघात म्हणतात, हिला गर्व आहे, ही आत्म्याने दीन नाही. अन् तुम्हालाच वाटून राहिलं की आपलंच चुकते का.

नाही चुकत. बायबलात मत्तय ५:३ मधला दीन म्हणजे देवासमोर रिकाम्या हाताने उभा राहणारा, की बाबा माझ्याजवळ दाखवायसारखं काही नाही, सगळं तुझ्याच कृपेनं. हे ज्यानं त्यानं स्वतःबद्दल म्हणायचं असते, बायकोबद्दल नाही! लूक १८ मधला परूशी, म्हणजे धर्माचे नियम काटेकोर पाळणारा, पाहा ना, तोही सगळ्या मिळकतीचा दशांश देत होता, आठवड्यातून दोनदा उपास करत होता. देण्यात काहीच खोट नव्हती, पण प्रार्थना करता करता त्याची नजर दूर उभ्या जकातदारावर, लोक पापी समजत त्या करवसुलीवाल्यावर गेली, मी याच्यासारखा नाही म्हणाला, अन् तिथंच सगळं फिसकटलं.

अन् घरच्यांना उपाशी ठेवून दिलेलं अर्पण? मार्क ७ मध्ये येशू त्याच लोकांना झापतो जे आईबापाचा वाटा देवाला अर्पण केला म्हणून हात झटकत होते. १ तीमथ्य ५:८ तर अजूनच कडक आहे, घरच्यांची तरतूद न करणारा विश्वास न ठेवणाऱ्यापेक्षा वाईट. जवळचं होतं नव्हतं ते देणाऱ्या विधवेच्या दोन टोल्यांचं, म्हणजे दोन छोट्या नाण्यांचं उदाहरण ते देतीलच म्हणा, पण तिनं स्वतःचं दिलं होतं, पोरीच्या फीचं नाही.

फक्त हे सगळं त्यांच्या तोंडावर फेकू नका, नाहीतर घरात परूशी तेवढा बदलेल.

तुमचं एटीएम कार्ड त्यांच्याजवळ असते म्हणता, ते आधी परत घ्या. पगार झाला की फी, भाडं, किराणा पहिले बाजूला, मग दशांश दोघांनी बसून ठरवा. पाळक साहेबांकडे, म्हणजे पास्टरकडे जायचं तर दोघं मिळून जा, रविवारी उपासनेनंतरच्या गर्दीत नको, मधल्या वारी वेळ मागून. अन् पुन्हा चारचौघात बोलले तर तिथं वाद नको, "घरी बोलू" एवढंच म्हणा, अन् घरी गेल्यावर मात्र नक्की बोला.