आधी जंक्शन बॉक्स, मग डॅशबोर्ड

पत्र: मी चेंबूरला राहतो. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका केमिकल कंपनीत 26 वर्षं ऑपरेटर आहे. मुलगी इन्स्ट्रुमेंटेशन डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि तिला सेन्सर, डेटा या कामात जायचंय. एका क्लासने सहा महिन्यांच्या ‘आयओटी (यंत्रं, सेन्सर इंटरनेटला जोडणं) आणि डेटा अॅनालिटिक्स’ कोर्सची फी 1 लाख 40 हजार सांगितली, नोकरीचंही आश्वासन दिलं. दुसरीकडे तळोज्याच्या एका कंपनीत वर्षाची अॅप्रेंटिसशिप मिळतेय, स्टायपेंड बेताचा. घरचे म्हणतात, मुलीच्या जातीला प्लांटमध्ये कशाला पाठवता, एसीत बसायचं काम बघा. आणखी एक विचारतो. आमच्याकडेही सेन्सर लागायला लागलेत. दर तासाची लॉगशीट बंद होणार म्हणतात. मुलगी जे शिकतेय, त्यानेच माझ्यासारख्यांचं काम जाणार का?

नमस्कार,

अॅप्रेंटिसशिप घ्या. क्लासचे पैसे आत्ता भरू नका.

कारण सांगतो. मार्गदर्शनाच्या कामात येण्याआधी मी नऊ वर्षं इन्स्ट्रुमेंट विभागात होतो. एका कारखान्यात टोल्युइन या सॉल्व्हंटच्या साठ्याजवळ आम्ही गॅस डिटेक्टर बसवले. केबल ट्रे वरून जात होता, म्हणून डिटेक्टरही वरच बसवले, आमच्या सोयीने. तीन महिने एकही अलार्म नाही. मीटिंगमध्ये त्या सपाट रेघेचा आलेख दाखवून आम्ही पाठ थोपटून घेतली. निवृत्तीला आलेले एक ऑपरेटर मागे उभे होते. ते म्हणाले, “साहेब, टोल्युइनचा वास घोट्यापाशी असतो. तुमचं यंत्र छताला काय हुंगतंय?” टोल्युइनची वाफ हवेपेक्षा तिपटीहून जड असते, हे मी पुस्तकात वाचलं होतं. त्यांना ते रोजच्या कामातून माहीत होतं. डिटेक्टर खाली आणले आणि आठवड्याभरात एका पंपाच्या सीलमधली गळती सापडली. ती काही त्या आठवड्यात सुरू झालेली नव्हती.

मुलीला ज्या कामात जायचंय त्याचा गाभा हाच आहे. स्क्रीनवरचा आकडा कुठून आला आणि तो खरा आहे का, हे ओळखता यायला हवं. आलेख काढणं सहा महिन्यांत येतं. ही ओळख क्लासरूममध्ये येत नाही, कारण तिथे मिळणारा डेटा आधीच धुऊन-पुसून दिलेला असतो.

ही चूक किती महाग पडते त्याचं एक उदाहरण देतो. 23 मार्च 2005 ला अमेरिकेत टेक्सास सिटीच्या रिफायनरीत एक टॉवर द्रवाने भरत चालला होता. पातळी मोजून कळवणाऱ्या लेव्हल ट्रान्समीटरचं कॅलिब्रेशन, म्हणजे मापाची जुळवणी, चुकलेलं होतं, त्यामुळे कंट्रोल रूममध्ये पातळी हळूहळू उतरताना दिसत होती. वरच्या पातळीचा दुसरा, स्वतंत्र अलार्म वाजलाच नाही. द्रव बाहेर उसळला, स्फोट झाला, 15 माणसं गेली. म्हणजे सेन्सर होता, आकडाही होता, आणि तो आकडा खोटं सांगत होता.

ओळख कशी येते, त्याचा एक छोटा नमुना तिला विचारून बघा. कारखान्यातले बहुतेक ट्रान्समीटर आपलं माप 4 ते 20 मिलिअँपिअरच्या करंटमधून पाठवतात. शून्यापासून का नाही? कारण शून्य हे माप धरलं, तर टाकी रिकामी आहे की वायर तुटलीय ते कळणार नाही. चार आलं तर टाकी रिकामी, शून्य आलं तर लूप, म्हणजे करंटचा मार्ग, तुटलाय. डिप्लोमात हे तिला शिकवलेलं असणार. पण जुलैच्या पावसात जंक्शन बॉक्समध्ये, म्हणजे वायरी जोडायच्या पेटीत, पाणी शिरून करंट थोडा थोडा सरकू लागतो आणि माप अर्धवट खोटं होतं, ते तिने अजून पाहिलेलं नसेल. आपल्या किनारपट्टीवर खारी हवा आणि चार महिन्यांची ओल असते. परदेशी कॅटलॉगमधलं सेन्सरचं आयुष्य इथे तसंच्या तसं धरू नये. केबल ग्लँड (वायर पेटीत शिरते तिथला आवळायचा भाग) नीट आवळला का, हे पाहणाऱ्या माणसाचा डेटा मी डोळे झाकून वापरीन.

आता ‘डेटा’ या भागाबद्दल, कारण तिची ओढ तिकडे आहे आणि ती योग्यच आहे. पंपाच्या बेअरिंगवर कंपनाचा सेन्सर लावला की बेअरिंग निकामी होण्याच्या बरंच आधी त्याची चाहूल लागते. मिनिटाला 1500 फेऱ्यांवर चालणारी मोटर सेकंदाला 25 वेळा फिरते. त्या 25 हर्ट्झवर किंवा त्याच्या पटींत कंपन वाढलं तर तोल बिघडलाय किंवा अलाइनमेंट सरकलीय असा संशय घ्यायचा. बेअरिंगमध्ये चीर गेली तर वेगळ्याच, त्याहून वरच्या वारंवारितेवर खूण उमटते. रात्री दोनला पंप बंद पडून अख्खी बॅच वाया जाण्यापेक्षा रविवारी ठरवून बेअरिंग बदललेलं बरं, हे तुम्हाला मी काय सांगणार! धोका टळतो आणि खोळंबाही टळतो, दोन्ही एकाच मापातून. कॉम्प्रेस्ड एअरची गळती, चिलरचं विजेचं बिल, न्हावा शेव्याला उभ्या रेफ्रिजरेटेड कंटेनरमधलं तापमान, सगळीकडे हीच विद्या लागते.

आणखी एक गोष्ट तिच्या कानावर घाला. सेन्सर वाढवले की सुरक्षा आपोआप वाढत नाही. 1994 मध्ये वेल्समधल्या मिलफर्ड हेवनच्या रिफायनरीत स्फोटाआधीच्या शेवटच्या 11 मिनिटांत दोन ऑपरेटरांपुढे 275 अलार्म आले. कोणता महत्त्वाचा, हे माणसाने कसं ओळखायचं? कोणता अलार्म ठेवायचा, कोणता काढायचा, कुठल्या मर्यादेला वाजवायचा, हे ऑपरेटरशी बोलून ठरवणारी माणसं कारखान्यांना हवी आहेत आणि ती कमी आहेत. नोकरीच्या दृष्टीने मला ही जागा सगळ्यात पक्की वाटते. डोंबिवलीच्या एमआयडीसीत 2016 च्या मे महिन्यात आणि पुन्हा 2024 च्या मे महिन्यात कारखान्यांतल्या स्फोटांनी काय झालं, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. मुंबईच्या कुशीत माहुल, तळोजा, अंबरनाथ, ठाणे-बेलापूर असताना हे काम इथे संपणार नाही.

तर वर्ष कसं काढायचं? दिवसा लूप चेक, कॅलिब्रेशन, शटडाउनची कामं. संध्याकाळी तास-दीड तास पायथॉन आणि एसक्यूएल, इतकंच. ‘स्वयम’ आणि एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांचे औद्योगिक आयओटीवरचे कोर्स आहेत. शिकणं मोफत, परीक्षा द्यायची तरच फी. वर्षभरानंतर थेट द्वितीय वर्षाला इंजिनीअरिंगचा प्रवेश घेता येईल, डिप्लोमाचे गुण तेव्हाही उपयोगी पडतील. पुढे सुरक्षेकडे वळावंसं वाटलं, तर सायनला केंद्रीय श्रम संस्थेत औद्योगिक सुरक्षेचा एक वर्षाचा अॅडव्हान्स्ड डिप्लोमा आहे. त्याला अनुभव लागतो, आणि तळोज्यात तोच सुरू होईल. क्लास वाईटच असतात असं मी म्हणत नाही. वर्षभराने तिला स्वतःला कळेल की तिला नेमकं काय येत नाही. तेव्हा तेवढंच विकत घ्या.

घरच्यांची काळजी खोटी नाही. पण ‘मुलीला प्लांट नको’ हे कारण मला मान्य नाही. इन्स्ट्रुमेंटच्या कामाला ताकदीपेक्षा बारकावा लागतो. रात्रपाळीबद्दल सांगायचं तर 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संहितेत स्त्रियांच्या संमतीची आणि सुरक्षेच्या व्यवस्थेची अट आहे. म्हणजे तिला ‘नाही’ म्हणता येतं, आणि ‘हो’ म्हटलं तर व्यवस्था मागता येते.

आता तुमचा प्रश्न. लॉगशीट जाईल. तासातासाला गेज वाचून आकडा लिहिण्याचं काम राहणार नाही, आणि जे फक्त तेवढंच करत होते त्यांच्यावर गंडांतर येईल. हे तुमच्यापासून लपवणं मला बरं वाटत नाही. पण लॉगशीट भरताना तुम्ही आणखी काही करत होता. रिअॅक्टरजवळून जाताना आवाज बदललाय, हे तुम्हाला कळत होतं. तापमानाची रेघ फार सरळ दिसली तर सेन्सर अडकलाय असा संशय तुम्हाला यायचा. आजच्या घडीला हे सॉफ्टवेअरला कोणीतरी सांगावं लागतं. तुमच्या कंपनीत सेन्सर बसवणारी माणसं आली की लांब उभे राहू नका. कुठे बसवताय, का बसवताय, बायपास, म्हणजे तात्पुरता बाजूला, कोण करू शकतो, हे विचारा. मर्यादा ठरवायच्या बैठकीत ऑपरेटर हवा, अशी मागणी युनियनमार्फत लेखी करा. हे ज्ञान कागदावर येण्याआधी तुम्ही निवृत्त झालात, तर नुकसान तुमच्या एकट्याचं नाही.

रुजू होण्याआधी तळोज्याच्या कंपनीला तीन गोष्टी विचारा. तिला इन्स्ट्रुमेंट विभागातच ठेवणार की ऑफिसात एक्सेल भरायला बसवणार? अॅप्रेंटिसशिपचा करार सरकारी पोर्टलवर नोंदवणार ना? मुलींसाठी चेंजिंग रूम आणि स्टेशनपर्यंत बस आहे का? पहिल्या प्रश्नाचं उत्तर गुळमुळीत आलं, तर सायनच्या अॅप्रेंटिसशिप मंडळाच्या कार्यालयात जाऊन दुसरी जागा शोधा. चेंबूरहून ते लांब नाही. जाताना तिची गुणपत्रिका आणि प्रोजेक्टचा अहवाल सोबत न्या. तो अहवाल मलाही पाठवा. सेन्सर कुठे बसवला होता आणि कॅलिब्रेशन कशाने केलं, ही दोन पानं मी आधी वाचेन.