मुंबईचं गो 92.5 हे इंग्लिश एफएम स्टेशन बंद पडलं की विकलं गेलं?

तुम्ही म्हणताय की कॉलेजात असताना ऐकायचात ते गो 92.5 आता त्या आकड्यावर लागतच नाही, मग त्याचं नेमकं झालं काय. तर ते बंद नाही पडलं. तेच पुढे रेडिओ वन 94.3 झालं. फक्त मधल्या काळात त्याचं नाव, आकडा, भाषा, मालक सगळंच बदललं आणि तेही एकदम नाही, एकेक करत, त्यामुळे बऱ्याच जणांना ही दोन वेगळी स्टेशनं वाटतात. मी तेव्हा एका अ‍ॅड एजन्सीत रेडिओचे स्पॉट बुक करायचो म्हणून हा सगळा प्रकार जवळून बघितलाय.

2002 मध्ये मुंबईत खाजगी एफएम आलं तेव्हा एकाच वर्षात पाच स्टेशनं सुरू झाली, मिर्ची, रेडिओ सिटी, रेड एफएम, विन 94.6 आणि हे गो. गो हे मिड-डे या मुंबईच्या पेपरच्या ग्रुपचं. बाकीचे हिंदी गाण्यांवर तुटून पडलेले असताना यांनी इंग्लिशची वाट धरली, आणि सकाळी जग्गू आणि तराना ही जोडी ऑफिसला जाणाऱ्यांच्या गाड्यांमध्ये बऱ्यापैकी चालायची. मिड-डेला रेडिओ नवीन नव्हता म्हणा, 1993 पासून आकाशवाणीने एफएमचे काही तास खाजगी कंपन्यांना दिले होते त्यात टाइम्स एफएमसोबत रेडिओ मिड-डे पण होतं, ते 1998 मध्ये बंद झालं.

आता लोक सरसकट म्हणतात की मुंबईकरांना इंग्लिश नको होतं म्हणून गो हिंदीत गेलं. मला हे अजिबात पटत नाही. खरी गोची लायसन्स फीची होती. सरकारने खाजगी एफएमची लायसन्स टप्प्याटप्प्याने दिली, त्या पहिल्या फेजमध्ये मुंबईच्या एका फ्रिक्वेन्सीची फी वर्षाला 9.75 कोटी होती आणि ती दरवर्षी 15 टक्क्यांनी वाढणार असं आधीच ठरलेलं, म्हणजे तुमचा धंदा होवो न होवो, तिसऱ्या वर्षी जवळपास 13 कोटी भरायचेच. त्यावर पगार, जागा, वीज, गाण्यांची रॉयल्टी वेगळी. आणि रेडिओवर जाहिरात दहा सेकंदाच्या रेटने विकली जाते, तो रेट मिळतो किती लोक ऐकतात त्यावर. कमी पण खिसा गरम असलेला श्रोता आहे हे आम्ही क्लायंटला कितीही पटवलं तरी साबणवाला आणि मोबाइलवाला विचारायचा, आकडा सांगा. इतकी फी डोक्यावर असताना वेगळं काहीतरी करायची चैन कोणाला परवडणार? विन तर टिकलंच नाही. बातम्या द्यायलाही बंदी, मग वेगळेपण दाखवायला उरतं काय, गाणी आणि आरजेची बडबड. त्यामुळे सगळे त्याच दोन-तीनशे हिट गाण्यांवर आले.

2005 मध्ये केंद्राने फेज टूचं धोरण आणलं, त्यात ठराविक फी जाऊन एकदाच एंट्री फी आणि मग उत्पन्नाच्या 4 टक्के असा हिशोब आला आणि सगळ्यांनी श्वास सोडला. पण गोच्या 92.5 या आकड्याचा घास याच फेजने घेतला. नवीन स्टेशनं बसवायची म्हणून फ्रिक्वेन्सींमध्ये 0.8 मेगाहर्ट्झचं अंतर ठरवून आकडे नव्याने लावले, 91.1, 91.9, 92.7, 93.5, 94.3 असे. या रांगेत 92.5 बसतच नाही! 92.7 वर बिग एफएम आलं आणि आपलं गो तोवर रेडिओ वन झालेलं होतं ते 94.3 ला सरकलं. याच सुमारास बीबीसी वर्ल्डवाइडने मिड-डेच्या रेडिओ कंपनीत 20 टक्के हिस्सा घेतला, तेव्हा परदेशी गुंतवणुकीची मर्यादाच तेवढी होती. म्हणजे गंमत बघा, बीबीसी आत आली आणि स्टेशन बोलायला लागलं हिंदी.

पुढच्या दशकात रेडिओ वनने मुंबईत परत इंग्लिश लावलं. हे कसं जमलं तर फी उत्पन्नाला बांधलेली होती आणि हिंदीत इतकी गर्दी झालेली की त्यात अजून एक असण्यापेक्षा गाड्या, फ्लॅट, घड्याळं विकणाऱ्यांना वेगळा श्रोता देणं जास्त फायद्याचं. जुन्या फीमध्ये हे धाडस कोणी केलंच नसतं असं माझं मत.

मालकीचं प्रकरण तर अजून मजेशीर आहे. 2010 मध्ये मिड-डे पेपर जागरण या हिंदी पेपरवाल्या ग्रुपने घेतला पण रेडिओ जुन्या मालकांकडेच राहिला, कंपनीचं नाव तेवढं नेक्स्ट मीडियावर्क्स झालं. मग काही वर्षांनी त्याच जागरणने रेडिओ सिटी विकत घेतलं, म्हणजे गोचा जुना पेपर आणि गोचा जुना स्पर्धक एकाच घरात. आणि 2019 मध्ये रेडिओ वन हिंदुस्तान टाइम्सवाल्या एचटी मीडियाकडे गेलं, ज्यांच्याकडे मुंबईत फीवर 104 आणि जुन्या गाण्यांचं नशा 91.9 आधीच होतं. आधी एका शहरात एका कंपनीला एकच चॅनल असा नियम होता, फेज थ्रीमध्ये तो सैल होऊन शहरातल्या एकूण चॅनलपैकी 40 टक्क्यांपर्यंत एका कंपनीकडे चालतात म्हणून हे शक्य झालं.

या सगळ्या हिंदी-इंग्लिशच्या ओढाताणीत मुंबईत मराठी गाणं कोपऱ्यातच राहिलं ही माझी जुनी तक्रार आहे पण तो वेगळा विषय, त्यावर कोणी प्रश्न टाकला तर सविस्तर लिहीन.

आणि हो, बाहेरगावी 94.3 लावून रेडिओ वन शोधत बसू नका, आकडा तोच असला तरी कोल्हापुरात तिथे पुढारीचं टोमॅटो एफएम लागतं आणि नागपुरात भास्करवाल्यांचं माय एफएम.